उलेनहोर्स्टर हॉकी क्लब आणि जर्मनीतले हॉकी-टेनिस क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हांबुर्ग, कोलोन, मानहाइम किंवा श्टुटगार्टला राहायला आलेल्या मराठी कुटुंबांकडून आणि इथे शिकायला आलेल्या हॉकीपटूंकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं या पानावर आहेत. उदाहरण म्हणून हांबुर्गचा उलेनहोर्स्टर हॉकी क्लब घेतला आहे. कामाची पद्धत बाकीच्या क्लबांतही थोड्याफार फरकाने हीच असते.

हा क्लब इतका नावाजलेला का आहे?

उलेनहोर्स्टर हॉकी क्लब १९०१ साली स्थापन झाला. हांबुर्गकर त्याला नुसतं 'ऊ-हा-त्से' म्हणतात, म्हणजे U-H-C या आद्याक्षरांचा जर्मन उच्चार. नाव आल्स्टर तलावाकाठच्या उलेनहोर्स्ट भागाचं असलं तरी मैदानं शहराच्या उत्तरेला वेसेलब्लेक रस्त्यावर आहेत. नावावर भरवसा ठेवून तलावाकाठी शोधत बसू नका.

युरो हॉकी लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा २००७-०८ मध्ये सुरू झाली आणि पहिलंच विजेतेपद याच क्लबाच्या पुरुष संघाने घेतलं. २००९-१० आणि २०११-१२ मध्येही तेच जिंकले. त्या काळातला त्यांचा आधारस्तंभ मोरित्झ फ्युर्स्टे. २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं त्याच्या नावावर आहेत. भारतात तो ठाऊक आहे तो २०१३ च्या पहिल्या हॉकी इंडिया लीगमुळे, कारण विजेत्या रांची ऱ्हायनोजचा तो कर्णधार होता. मुंबईत आता ज्या 'हायरॉक्स' नावाच्या फिटनेस शर्यती होतात, त्यांच्या संस्थापकांपैकीही तो एक.

टेनिसकडे वळलं तर अलेक्झांडर झ्वेरेव्ह. त्याचे वडील या क्लबात टेनिस शिकवत आणि तो इथेच रॅकेट धरायला शिकला. लहानपणी तो हॉकी आणि फुटबॉलही खेळायचा, बाराव्या वर्षाच्या सुमारास फक्त टेनिस ठेवलं. टोकियो ऑलिंपिकचं पुरुष एकेरीचं सुवर्ण त्यानेच जिंकलं. मुलाला आठव्या वर्षीच एका खेळाला जुंपायला निघालेल्या पालकांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

म्युलहाइमचा उलेनहोर्स्ट आणि हा एकच का?

नाही. म्युलहाइम आन डेर रुऱ्ह या शहरातला एच.टी.सी. (हॉकी-टेनिस क्लब) उलेनहोर्स्ट १९२० चा, पूर्णपणे वेगळा क्लब. युरोपियन चषक त्यांनी १९८८ ते १९९६ असा सलग नऊ वेळा जिंकला. सामन्याचं वेळापत्रक बघताना शहराचं नाव आधी वाचा. दोन्ही गावांत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे.

हॉकी आणि टेनिस एकाच क्लबात कसे?

दोन्ही खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडकडून जर्मनीत आले आणि व्यापारी शहरांतल्या त्याच त्या मंडळींनी उचलले. टेनिस उन्हाळ्याचा, हॉकी तेव्हा थंडीचा. जागा एक, माणसं तीच, क्लबघर वर्षभर चालतं. म्हणून क्लबांच्या नावांत एच.टी.सी., टी.एच.सी. अशी अक्षरं दिसतात. हांबुर्गचा हार्वेस्टेहुडर टी.एच.सी., श्टुटगार्टचा एच.टी.सी. श्टुटगार्टर किकर्स, १९०६ चा कोलोनचा रोट-वाइस ही सगळी त्याच घडणीची उदाहरणं. हांबुर्गच्याच 'डेर क्लब आन डेर आल्स्टर'चं नाव रोटेनबाउमच्या टेनिस स्टेडियमशी जोडलेलं आहे. हांबुर्गची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा १८९२ पासूनची.

हा खासगी क्लब आहे, अकादमी आहे, की जिमखाना?

मुंबई-पुण्यातल्या जिमखान्याशी तुलना थोडीफार जमते, पण एका मुद्द्यावर फसते. जर्मन क्लब ही नोंदणीकृत संस्था असते, तिला तिथे 'फेराइन' म्हणतात. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, घटना लागते, आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते. तिथे वर्गणी किती, नवं टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) कधी, अध्यक्ष कोण, हे सभासद मत देऊन ठरवतात. प्रशिक्षकाला पगार किंवा मानधन मिळतं, पण संघाचं व्यवस्थापन, पंचगिरी, लहान मुलांच्या स्पर्धा हे बहुतांशी सभासदच फुकट करतात.

अकादमीत पैसे भरले की तुमचं काम संपतं. इथे पैसे भरले की ते सुरू होतं. आपल्याकडचे बरेच पालक नेमके इथेच अडखळतात. ते मुलाला दारात सोडून निघून जातात आणि सहा महिन्यांनी म्हणतात, आम्हाला कोणी विचारत नाही. क्लबातली माणसं मनाने वाईट नसतात. कॉफीच्या टेबलामागे किंवा गोलपोस्ट उचलताना जो दिसतो, त्याच्याशीच त्यांची ओळख होते.

खर्च किती येतो?

आकडा क्लबागणिक आणि वयागणिक बदलतो, म्हणून तो क्लबाच्या वर्गणी-नियमावलीतच पाहा. ती बहुधा संकेतस्थळावर असते. वाचताना पुढच्या गोष्टी वेगवेगळ्या शोधा: वार्षिक मूळ वर्गणी, हॉकी किंवा टेनिस विभागाची जादा रक्कम, एकदाच घेतला जाणारा प्रवेश आकार, बांधकामासाठी अधूनमधून लावला जाणारा हिस्सा, आणि न केलेल्या श्रमदानाच्या तासांचे पैसे. दोन मुलं आणि एक पालक असतील तर कौटुंबिक वर्गणीचा हिशेब आधी करा, ती सुट्या वर्गण्यांपेक्षा स्वस्त पडू शकते.

सर्वात जास्त गैरसमज टेनिसच्या शिकवणीबाबत होतो. मुलांच्या हॉकीचा सराव बहुतेक ठिकाणी वर्गणीतच येतो. टेनिसची वर्गणी मात्र फक्त कोर्ट वापरण्याची असते. गटातली किंवा एकट्याची शिकवणी वेगळी, आणि हिवाळ्यात बंदिस्त कोर्टाचं तासाचं भाडं त्याहून वेगळं.

क्रीडा क्लबाची वर्गणी आयकरातून वजा होत नाही, क्लबाला दिलेली देणगी होते. काही सरकारी भत्ते मिळणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना क्लबासाठी महिन्याला १५ युरो मिळतात. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आपोआप काही येत नाही.

मुलाला हॉकीला घालायचं आहे. सुरुवात कुठून करू?

क्लबाच्या कार्यालयात जाऊन फॉर्म मागण्याऐवजी, संकेतस्थळावर त्या वयोगटाच्या प्रशिक्षकाचा किंवा युवा-प्रमुखाचा ईमेल असतो, त्यावर लिहा. मुलाचं जन्मवर्ष, मुलगा की मुलगी, आधी कोणता खेळ खेळला, आणि कोणते वार जमतात, एवढं पुरे. गट जन्मवर्षावरून ठरतात: यू-८ (आठ वर्षांखालचे), यू-१०, यू-१२ असे दोन-दोन वर्षांच्या टप्प्याने यू-१८ पर्यंत. शाळेची इयत्ता इथे चालत नाही.

मग दोन-तीन वेळा चाचणी म्हणून सरावाला बोलावतात. त्या दिवसांसाठी स्टिक क्लबच देतो. सभासद नसलेल्याला क्लबाचा विमा लागू आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, सगळीकडे तो नसतो. जमलं की सभासदत्वाचा अर्ज आणि बँकेतून वर्गणी वळती करण्याची परवानगी द्यायची. सामने खेळायचे असतील तर संघटनेकडून खेळाडू-पास काढावा लागतो. त्याला फोटो आणि जन्मतारखेचा पुरावा लागतो, आणि तो हातात येईपर्यंत मुलाला अधिकृत सामन्यात उतरवता येत नाही. हंगामाच्या तोंडावर अर्ज केला तर पहिले सामने असे हुकतात. हॉकीसाठी फेब्रुवारी-मार्च किंवा जूननंतरचा काळ बरा.

मोठ्या क्लबांत लहान गटांना प्रतीक्षायादी असते. यादीत नाव घालून थांबण्यापेक्षा एखाद्या छोट्या क्लबात सुरुवात करणं शहाणपणाचं. तिथे मुलाला प्रत्यक्ष खेळायला जास्त मिळतं, आणि यू-१२ किंवा यू-१४ ला क्लब बदलता येतो.

सामान काय घ्यावं?

स्टिक उभी धरली की मुलाच्या कमरेच्या हाडापर्यंत यावी. 'वाढत्या अंगाची' म्हणून मोठी घेऊ नका. लांब स्टिकने मूल ताठ उभं राहायला शिकतं आणि ती सवय पुढे सुटत नाही. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. सपाट बाजू सगळ्यांची डावीकडेच.

नडगीचे गार्ड आणि दातांचा माउथगार्ड यांशिवाय मुलांना उतरवत नाहीत, निदान उतरवू नये. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा प्रकार पुरतो. दात पडायच्या वयात तो दर काही महिन्यांनी नव्याने बसवावा लागतो, ढिला माउथगार्ड मुलं खिशात ठेवतात. बूट कृत्रिम टर्फचे, तळाला बारीक रबरी दाणे असलेले. फुटबॉलचे लांब खुंट्यांचे बूट टर्फवर चालत नाहीत, ते पात्या फाडतात आणि घोटा अडकवतात. हिवाळ्यात हॉलमधल्या (इनडोअर) हॉकीसाठी डाग न पाडणाऱ्या तळव्याचे दुसरे बूट आणि वेगळी हलकी स्टिक. म्हणजे दोन बूट, दोन स्टिक, आणि टेनिस खेळत असेल तर तिसरे बूट, हा हिशेब मनात ठेवा. बहुतेक क्लबांत जुन्या सामानाची देवघेव होते, लहान मुलांसाठी तीच बघा.

वर्षाचा क्रम कसा असतो?

मैदानी हॉकीचा हंगाम दोन तुकड्यांत: सप्टेंबर-ऑक्टोबर आणि एप्रिल ते जूनच्या सुमारास. मधले थंडीचे महिने इनडोअर हॉकीचे. बाहेरचं टेनिस एप्रिलअखेरपासून सप्टेंबरपर्यंत. दोन्ही खेळणाऱ्या मुलांची ओढाताण मे-जूनमध्ये होते, कारण शनिवार-रविवारी दोन्हींचे संघ-सामने असतात. दोन्ही प्रशिक्षकांना मार्चमध्येच सांगून टाका. त्यांना याची सवय असते, आयत्या वेळच्या निरोपाची नसते.

इनडोअर हॉकी वेगळी कशी? भारतात खेळलेल्याला जड जाते का?

सुरुवातीला जाते. हा प्रकार जर्मनीतच १९५० च्या दशकात रुजला, आणि जर्मन खेळाडूंच्या कमी जागेतल्या चेंडू-हाताळणीचं मूळ इथे आहे. ऑलिंपिकमध्ये जर्मनी दबावाखाली चेंडू का सांभाळते, असं विचारणाऱ्यांनी जानेवारीतला एखादा हॉलचा सामना पाहावा.

मैदान ३६ ते ४४ मीटर लांब, १८ ते २२ मीटर रुंद. गोलरक्षक धरून सहा जण. कडेला दहा सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे असतात आणि चेंडू त्यांच्यावर आपटून पास देता येतो. गोल ३ मीटर रुंद, २ मीटर उंच, 'डी' (गोलसमोरचं अर्धवर्तुळ) ९ मीटरची. गोलवर फटका मारताना सोडून चेंडू उचलायचा नाही. आणि मुख्य म्हणजे स्टिक मागे नेऊन मारायला बंदी आहे, फक्त ढकलायचं, फ्लिक करायचं किंवा दिशा बदलायची.

आपल्याकडून आलेल्यांची पहिली चूक हीच. हात आपोआप मागे जातो आणि शिट्टी वाजते. दुसरी चूक बचावातली. मैदानावर उभ्या स्टिकने टॅकल करायची सवय असते. हॉलमध्ये स्टिक जमिनीवर जवळजवळ आडवी ठेवून रस्ता अडवायचा असतो, त्यासाठी गुडघे पुरेसे वाकवावे लागतात. पहिले पंधरा दिवस मांड्या भरून येतात. हॉलची स्टिक हलकी आणि बारीक असते. ती घेऊन बाहेर मैदानावर फटके मारले तर मोडते.

टर्फवर सामन्याआधी पाणी का मारतात?

वरच्या स्तरावरचं टर्फ वाळूशिवायचं असतं आणि पाण्यावर चालतं. पाण्यामुळे चेंडू सरळ आणि वेगात जातो, उड्या मारत नाही, आणि पडल्यावर कातडी सोलवटणं कमी होतं. छोट्या क्लबांत वाळू भरलेलं टर्फ असतं. त्यावर चेंडू मंद चालतो आणि गुडघे जास्त खरचटतात, म्हणून लांब मोजे घाला.

गोठवणाऱ्या थंडीत पाण्याचं मैदान बंद ठेवतात. बर्फ धरलेल्या पात्या पायाखाली तुटतात. कुलूप दिसलं तर कुंपणावरून उड्या मारू नका, एका मैदानाची दुरुस्ती पूर्ण क्लबाच्या वर्गणीवर येते. टेनिस कोर्टावरचे बूट घालून टर्फवर यायचं नाही हाही नियम कडक आहे. लाल भुकटी पात्यांत बसली की पाणी मुरत नाही.

लाल मातीच्या कोर्टाचे नियम एवढे कडक का?

कारण त्या कोर्टाचं आयुष्य खेळणाऱ्यांच्या हातात असतं. वरचा थर विटांच्या भुकटीचा, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. दर वसंतात जुनी मेलेली भुकटी खरवडून काढतात, कोर्टमागे साधारण दोन टन नवी टाकतात, पाणी मारून रोलर फिरवतात, आणि थर बसेपर्यंत काही आठवडे कोणालाही पाय ठेवू देत नाहीत. एप्रिलमधलं छान ऊन पाहून कोर्ट उघडण्याचा हट्ट धरणारे दरवर्षी असतात. त्यांचं ऐकलं तर टाचेचे खड्डे उन्हाळाभर राहतात.

खेळायच्या आधी कोर्ट कोरडं असेल तर कुंपणापर्यंत पाणी मारा. कोरडी भुकटी वाऱ्याने उडते, खालचा थर सैल होतो, पाय घसरतात आणि रेषांच्या पट्ट्या वर येतात. कडक उन्हात तासाभराने पुन्हा मारावं लागतं.

खेळताना बुटाने खड्डा पडला तर तिथल्या तिथे सपाट पायाने दाबून बुजवा. शेवटी जाळी (भुकटी सारखी करायला कोर्टावर ओढतात ती, मधलं नेट नव्हे) फिरवली की खड्डा झाकला जातो, बुजत नाही. त्यात फक्त सैल भुकटी भरते आणि पुढच्याचा घोटा मुरगळतो.

वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी थांबून कोर्टावर जाळी ओढायची. इथे नवखे लोक फक्त रेषांच्या आतला भाग ओढतात. बरोबर पद्धत अशी: कुंपणाच्या कडेपासून सुरू करा आणि गोल फिरत आत, मध्यापर्यंत या. खेळताना भुकटी सतत बाहेर ढकलली जाते, ती आत परत आणणं हाच ओढण्याचा हेतू आहे. आतून बाहेर ओढलं तर कडेला बांध तयार होतो, त्यावर शेवाळ धरतं, पाणी बाहेर जात नाही आणि बेसलाइनच्या मागे खळगा पडतो. जाळी झाली की रेषा झाडूने साफ करा.

पावसानंतर पाणी साचलं असेल तर जाळी, झाडू काहीही लावू नका. ओल्यात ओढलं की बारीक भुकटी वर येऊन चिखलाची साय धरते, आणि ती वाळली की पाणी मुरणंच बंद होतं. पाण्याला आपोआप मुरू द्या. बुटाने पृष्ठभागावर ठसा उमटत नसेल तेव्हा खेळा.

बूट मातीच्या कोर्टाचे, माशाच्या काट्यासारख्या नक्षीच्या तळव्याचे. धावण्याचे बूट घालून आलेल्याला कोर्टाची देखभाल करणारा माणूस परत पाठवतो, आणि ते योग्यच आहे.

टेनिसमध्ये संघातून खेळायचं असेल तर?

प्रत्येक खेळाडूला २५ पासून १ पर्यंत उतरत्या क्रमाने एक दर्जांक असतो. नवा खेळाडू २५ वर सुरू होतो आणि जिंकत गेला की आकडा खाली येतो. संघ-सामन्यात सहसा सहा एकेरी आणि तीन दुहेरी, किंवा चार आणि दोन. संघाची नावनिशीवार यादी वसंतातच, बहुतेक राज्यांत मार्चच्या आसपास जाते. मे महिन्यात येऊन 'मला खेळवा' म्हटलं तर कितीही चांगला खेळाडू असला तरी काही करता येत नाही. यजमान संघ सामन्यानंतर पाहुण्यांना जेवण देतो. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी कळवा, कोणाला त्याचं ओझं वाटत नाही.

चाळिशीत आहे, कधीच हॉकी खेळलो नाही. काही वाव आहे का?

आहे, आणि क्लबाशी नातं जोडायचा हाच सर्वात चांगला मार्ग. बऱ्याच क्लबांत पालकांचे हॉकी गट असतात. मुलं खेळतात म्हणून मोठेपणी स्टिक हातात घेतलेल्यांसाठीच ते आहेत. स्त्री-पुरुष एकत्र, लहान मैदानावर, लीगऐवजी मैत्रीच्या स्पर्धा. आठवड्यातून एकदा संध्याकाळी सराव, मग क्लबघरात गप्पा. जर्मन भाषा इथे वर्गापेक्षा लवकर सुधारते.

भारतात चांगल्या स्तरावर खेळलो आहे. इथे कुठे जागा मिळेल?

लीगचे स्तर वरून खाली असे: पहिली बुंडेसलिगा (राष्ट्रीय लीग), दुसरी बुंडेसलिगा, रेगिओनाललिगा, ओबरलिगा आणि खाली. राज्य संघाकडून खेळलेल्यालाही थेट पहिल्या बुंडेसलिगाचं दार क्वचितच उघडतं. एक-दोन स्तर खाली सुरुवात करा. व्हिडिओ पाठवताना गोल तेवढे कापून लावू नका. चेंडू नसताना तुम्ही कुठे धावता, हे प्रशिक्षकाला बघायचं असतं, म्हणून अख्खा एक डाव पाठवा. आधी भारतात नोंदणीकृत खेळाडू असाल तर तिथल्या संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं. ते विमानात बसण्याआधी मिळवा, इथून मागवायला फार वेळ जातो.

ही वाट जुनीच आहे. पुण्याजवळच्या खडकीचे धनराज पिल्ले एच.टी.सी. श्टुटगार्टर किकर्सकडून खेळले. उलट दिशेने, ऊ-हा-त्सेमध्ये घडलेला फ्लोरियन फुक्स हॉकी इंडिया लीगमध्ये दबंग मुंबईकडून खेळला. जुन्या जर्मन सभासदांना १९३६ ची बर्लिन ऑलिंपिकची अंतिम लढत, भारत ८, जर्मनी १, आणि ध्यानचंद यांचं नाव सांगावं लागत नाही.

पोटापाण्यासाठी मात्र यावर विसंबू नका. बुंडेसलिगातले बहुतेक खेळाडूही शिक्षण किंवा नोकरी सांभाळून खेळतात. क्लब फार तर राहायला खोली, प्रवासखर्च किंवा मुलांना शिकवण्याचं काम देतो.

पालकांकडून नक्की काय अपेक्षा असते?

बाहेरगावच्या सामन्याला गाडीत तीन-चार मुलं नेणं. स्वतःच्या मैदानावरच्या स्पर्धेला केक किंवा खारे पदार्थ आणणं. ढोकळा, साबुदाणा वडे लगेच संपतात, फक्त शेंगदाणे असतील तर चिठ्ठी लावा. हंगामात एकदा वेळ मोजायला टेबलावर बसणं. आणि पंचगिरी: प्रत्येक क्लबाने ठरलेल्या संख्येने पंच पुरवायचे असतात, नाही पुरवले तर संघटना दंड लावते. त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनाही पंचाचं शिक्षण देऊन लहान गटांचे सामने सांभाळायला लावतात. तुमच्या मुलाला विचारलं तर हो म्हणू द्या. कडेला उभे राहून त्या पंचावर ओरडायचं नाही, आपल्या मुलाला सूचनाही द्यायच्या नाहीत.

क्लब सोडायचा असेल तर?

सराव बंद केला म्हणजे सभासदत्व संपत नाही, वर्गणी वळती होतच राहते. बहुतेक घटनांत वर्षअखेरीसच बाहेर पडता येतं, आणि त्याआधी ठरावीक मुदतीत लेखी कळवावं लागतं. ही मुदत क्लबाच्या घटनेत बघा. ईमेल चालतो की सहीचं पत्रच लागतं, हेही तिथेच असतं. शहर बदलत असाल किंवा भारतात परत जात असाल तर कार्यालयाला कारणासह लिहा, काही क्लब मधूनच मोकळं करतात. दुसऱ्या जर्मन क्लबात जाणार असाल तर खेळाडू-पास नव्या क्लबाकडे वळवण्याची प्रक्रिया वेगळी असते. जुन्या क्लबाची थकबाकी राहिली असेल तर ती आधी फेडा, नाहीतर पास तिथेच अडकतो.